जुन्या मालमोटारीचा आडजागेंतला गंज

बैलगाडीची जागा मालमोटारीनें घेतली, ही गोष्ट आतां नवी राहिलेली नाहीं. उरण, अलिबाग, मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन या तालुक्यांत ज्याच्याजवळ सुपारीची वाडी, चार कलमें व थोडीं भातखाचरें आहेत, असा शेतकरी स्वतःची किंवा भावाबंदांत मिळून एखादी लहानमोठी मालमोटार बाळगूं लागला आहे. आणि ती बहुतेक वेळां दुसऱ्या-तिसऱ्या हातची असते. नवीची किंमत झेपत नाहीं म्हणून जुनी घेणें यांत गैर कांहींच नाहीं. परंतु अशी गाडी घेतांना आमचे लोक यंत्राचा आवाज ऐकतात, टायर दाबून पाहतात, रंगावरून हात फिरवितात. ज्याच्यावर सगळा भार उभा आहे त्या सांगाड्याच्या सांध्यांकडे मात्र कोणी वाकून पाहत नाहीं. आणि गाडी घरीं आल्यावर त्या सांध्यांत तांबूस डाग दिसलाच, तर वरून काळ्या रंगाचा एक हात मारून मोकळे होतात. किनाऱ्यावरील मालमोटारीचें आयुष्य पुष्कळ अंशीं या आडजागेंतल्या गंजावर अवलंबून आहे, आणि त्या गंजावर नुसता रंग देणें हा उपाय नसून अपाय आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याचीं कारणें व त्यावरील खरे उपाय आज वाचकांपुढें मांडावयाचे आहेत.

लोखंडास गंज चढण्यास हवा आणि पाणी हीं दोन पुरेशीं आहेत. परंतु त्यांत मीठ मिळालें म्हणजे तेंच काम कितीतरी पट वेगानें होतें. मीठ विरघळलेल्या पाण्यांतून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहतो, आणि लोखंडाच्या अंगावर जो पातळ संरक्षक थर जमूं पाहतो तो मिठांतील क्लोराइड फोडून टाकतें. शिवाय मीठ हें ओल ओढून घेणारें आहे. आषाढांत मिठाच्या बरणीला पाणी सुटतें हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हवेतील दमटपणा शेंकडा ७५ च्या वर गेला कीं साधें मीठ ओल ओढून विरघळूं लागतें; समुद्राच्या मिठांत मॅग्नेशियमचे क्षारही असल्यामुळें तें त्याहून कमी दमटपणांतसुद्धां ओलसर राहतें. म्हणजे ज्या सांध्यांत एकदां खारें पाणी शिरलें, तो सांधा वरून कोरडा दिसला तरी आंतून वर्षाचे बहुतेक दिवस ओलाच असतो.

आपल्या किनाऱ्यावर हें मीठ तीन वाटांनीं गाडीपर्यंत येतें. पहिली वाट वाऱ्याची. लाटा फुटून उडालेले बारीक तुषार वाऱ्याबरोबर आंत येतात व जेथें टेकतील तेथें मीठ ठेवून जातात. दुसरी वाट रस्त्याची. खाडीकांठच्या रस्त्यांवर उधाणाचें पाणी चढतें, खारबंदिस्तीच्या वाटेवरचा चिखल चाकांनीं उडून गाडीच्या पोटाला बसतो, आणि वाळल्यावर त्यांतलें मीठ तेथेंच राहतें. तिसरी वाट मासळीची. करंजा, रेवस, आगरदांडा, जीवना या बंदरांवर जी गाडी कधीं काळीं बर्फांतील मासळी वाहत होती, तिच्या हौद्याच्या फटींतून खारें पाणी वर्षानुवर्षें सांगाड्यावर ठिबकलेलें असतें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां सुपारी-नारळीच्या वाड्यांची जी दैना झाली ती सर्वांस दिसली. पण त्याच दिवशीं अंगणांत उभ्या असलेल्या गाड्यांच्या फटीफटींत जें खारट पाणी वाऱ्यानें कोंबलें गेलें, त्याचा हिशेब कोणीं ठेवला?

येथें कोणी म्हणेल कीं, आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, त्यांत मीठ धुऊन जात असेल. तसें होत नाहीं. पाऊस वरून पडतो. तो टप धुतो, पोट धूत नाहीं. चाकांनीं उडविलेलें पाणी खालून सांध्यांत शिरतें खरें, पण तें चिखल बरोबर नेऊन तेथें बसवितें, आणि चिखलाचा तो लेप ओली पोटीस बांधावी तसा लोखंडास चिकटून राहतो.

दुसरा एक भ्रम याहूनही अधिक घातक आहे. ज्या फटींत हवाच पोंचत नाहीं तेथें गंज कसा चढणार, असें कित्येक शहाणे मिस्त्रीसुद्धां विचारतात. वस्तुस्थिति उलट आहे. एकाच लोखंडाच्या एका भागास हवा मुबलक व शेजारच्या भागास ती अपुरी मिळाली, आणि दोन्ही भाग खारट ओलीनें जोडले गेले, म्हणजे तेथें एक लहानसा विद्युत्घटच तयार होतो. आणि त्यांत झिजतो तो हवा कमी मिळणारा भाग. म्हणून उघड्या पत्र्यावरचा गंज वर्षभरांत जेवढा खोल जातो त्याहून अधिक खोल तो दोन पत्र्यांच्या फटींत, रिव्हेटीच्या डोक्याखालीं व चिकटलेल्या चिखलाखालीं जातो. शिवाय गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. फटींत तो फुगला कीं दोन जाड पट्ट्या पाचर ठोकल्याप्रमाणें एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात, रिव्हेटी ताणल्या जातात व सांधा सैल होतो. खारबंदिस्तीच्या बांधाला खांड पडते ती बहुधा उधाणाच्या पहिल्या लाटेनें नव्हे. खेकड्यानें महिनोन्महिने पोखरलेल्या भोंकानें पडते. सांगाड्याचेंही तसेंच आहे.

हीं खेकड्याचीं भोंकें गाडींत कोठें कोठें असतात, तें आतां पाहूं. सर्वांत वाईट जागा म्हणजे सांगाड्याच्या लांब तुळया व वरचा हौदा यांच्यामध्यें घातलेल्या लांकडी पट्ट्यांची. लांकूड खारें पाणी पिऊन बसतें व तुळईच्या माथ्यास तें अखंड पाजीत राहतें. हौदा न उचलतां ही जागा दिसत नाहीं. त्यानंतर आडव्या व लांब तुळयांचे रिव्हेटीचे सांधे, पाटे जेथें टांगलेले असतात त्या कड्यांची मागची बाजू, डिझेलच्या टांकीच्या पट्ट्यांखालील रबर, ब्रेकच्या नळ्या जेथें पकडींत अडकविलेल्या असतात त्या जागा, बॅटरीचा तळ, मडगार्डाची आंतली वळी, दारांचा तळ, जेथलीं पाणी जाण्याचीं भोंकें मातीनें बुजलेलीं असतात, चालकाच्या पायांखालच्या रबरी गालिच्याखालील पत्रा, समोरच्या कांचेच्या रबराखालची पन्हळ, आणि मागच्या फाळक्याचीं बिजागरें. लहान टेंपोंत कांहीं तुळया पेटीसारख्या चारही बाजूंनीं बंद असतात. त्यांचा गंज आंतून बाहेर येतो, आणि बाहेर दिसूं लागला तेव्हां आंत फारसें कांहीं उरलेलें नसतें.

हा विषय केवळ मोटार-मिस्त्रींचा नव्हे, हें पटण्यासाठीं दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. ४ डिसेंबर २०२३ रोजीं मालवणच्या राजकोट किल्ल्यावर छत्रपति शिवाजी महाराजांच्या ज्या पुतळ्याचें अनावरण झालें, तो २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला. त्यापूर्वीं थोडेच दिवस आधीं सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यानें पत्र लिहून कळविलें होतें कीं, समुद्राकडील खारे वारे व पाऊस यांमुळें जोडणीचे नटबोल्ट गंजत आहेत. पुतळा कोसळण्याच्या कारणांची व जबाबदारीची चिकित्सा करण्याचें हें स्थळ नव्हे. आम्ही त्यांतून एवढेंच घेतों कीं, कोंकणच्या हवेंत गंज प्रथम जोडणींत धरतो, आणि त्यास वर्षसुद्धां लागत नाहीं. दुसरें उदाहरण परदेशचें. अमेरिकेच्या ज्या प्रांतांत हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात, तेथेंही गाड्यांच्या पोटाची हीच गत होते. टोयोटा कंपनीच्या मालवाहू व तत्सम गाड्यांचे सांगाडे गंजून भोंकें पडल्याच्या तक्रारी तेथें न्यायालयांत गेल्या, आणि २०१६ सालीं सुमारें १५ लक्ष गाड्यांसंबंधानें त्या कंपनीस तडजोड करावी लागली. तिचा एकूण बोजा ३४० कोटि डॉलरांपर्यंत जाईल असा अंदाज तेव्हां प्रसिद्ध झाला होता. जगांतील नांवाजलेल्या कारखान्याच्या सांगाड्यास मीठ सोडीत नाहीं, तें आमच्या दहा वर्षांच्या जुन्या गाडीस सोडील काय?

म्हणून जुनी गाडी घेतांना प्रथम तिचा इतिहास विचारावा. ती घाटावर कांदा-बटाटा वाहत होती, कीं बंदरावर मासळी, कीं मिठागरावर मीठ, कीं कारखान्यांत रसायनें, हें समजल्याशिवाय दर बोलूं नये. नंतर गाडी खड्ड्यावर किंवा उंच जागीं घेऊन विजेरी, लहान हातोडी, टोंकदार टोचा व लोहचुंबक घेऊन खालीं जावें. धड लोखंडावर हातोडी खणखणते. गंजलेल्यावर तिचा आवाज बद्द येतो. टोचा दाबून रुतला तर तेथें पत्रा नांवालाच आहे असें समजावें. लोहचुंबक जेथें धरत नाहीं तेथें लांबी भरलेली आहे. गालिचा उचलून पाहावा, दारांच्या तळाशीं बोट फिरवावें. हौदा व सांगाडा यांमधील फटींत भ्रमणध्वनीचा कॅमेरा काठीला बांधून घालावा. डोळा जेथें जात नाहीं तेथें तो जातो. आणि ज्या जुन्या गाडीचें पोट नुकतेंच काळें कुळकुळीत रंगविलेलें आहे, तिच्यापासून विशेष सावध असावें. तो रंग गाडीसाठीं नव्हे, गिऱ्हाइकासाठीं दिलेला असतो.

यांत एक विवेक मात्र ठेविला पाहिजे. गंज दिसला कीं गाडी वाईट, असें नाहीं. तारेच्या ब्रशानें घासतांच जो निघून जातो व ज्याच्या खालीं सपाट, धड धातु लागतो, तो वरवरचा गंज. तो कोणत्याही किनाऱ्यावरील गाडीस असणारच, व त्यावर उपाय आहे. जो पापुद्र्यापापुद्र्यानें सुटतो व खालीं खळगे सोडून जातो, तो खोल गंज. त्याची किंमत सौद्यांत वळती झाली पाहिजे. आणि पाट्यांच्या कड्यांजवळ किंवा मुख्य तुळईस जेथें भोंक पडलें आहे, ती गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये.

आतां चुकीच्या उपायांविषयीं. गंजावर थेट काळा रंग किंवा डांबरी लेप देण्याची चाल सर्वत्र आहे. तांबेरा पडलेल्या गव्हाच्या पानास कोणी हिरवा रंग देत नाहीं. पण लोखंडाचा तांबेरा मात्र आम्ही रंगवितों! अशा लेपाखालीं मीठ व ओल दोन्ही कोंडलीं जातात, गंज आंत चालूच राहतो, आणि लेप उलट तो दिसूं देत नाहीं. भोंकांत लांबी भरून वरून रंग देणें हाही असाच प्रकार होय. लांबी पाणी पिते. दुसरी चाल म्हणजे यंत्रांतून काढलेलें काळें, जळकें तेल पोटाला फांसणें. त्यांत काजळी, आम्लें व पाण्याचा अंश असतो; तें पाट्यांचीं रबरें व ब्रेकच्या रबरी नळ्या फुगवितें, कातडीस अपायकारक आहे, आणि शेतांत व ओढ्यांत ठिबकतें तें वेगळेंच. तिसरी व सर्वांत वाईट चाल म्हणजे संडास साफ करण्याचें आम्ल ओतून गंज उडविणें. तें आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक. गंज तात्काळ निघतो, लोखंड पांढरें दिसतें, व पाहणारा खूष होतो. पण त्यांतील क्लोराइड फटींत राहतें, आणि आपण जें मीठ घालविण्यासाठीं धडपडतों त्याचाच सगा भाऊ आपल्या हातांनीं आंत नेऊन बसवितों.

खरा उपाय पांच पायऱ्यांचा आहे, आणि त्यांतील एकही पायरी गाळतां येत नाहीं.

पहिली पायरी धुण्याची. पाणी गोडें हवें. समुद्राजवळच्या कित्येक विहिरींचें पाणी उन्हाळ्यांत मचूळ होतें. तसलें पाणी वापरूं नये. जोराच्या फवाऱ्यानें वरचा चिखल काढावा, पण तो फवारा चाकांच्या बेअरिंगांवर व विजेच्या जोडण्यांवर रोखूं नये. फटींतील मीठ जोरानें निघत नाहीं, तें भिजून निघतें. म्हणून साध्या नळीनें पुष्कळ वेळ पाणी सोडून, थोडें थांबून, पुन्हां सोडावें. बंद तुळया व दारें यांचीं भोंकें प्रथम तारेनें मोकळीं करून आंतूनही पाणी खेळवावें.

दुसरी पायरी वाळविण्याची. दोन-तीन कडक ऊन्हें द्यावीं व दाबलेल्या हवेनें फटी फुंकाव्या. मग गाडी एक रात्र तशीच ठेवावी. सकाळीं एखाद्या जागीं बारीक घामासारखे तांबूस थेंब दिसले, तर तेथें अजून मीठ आहे असें समजून ती जागा पुन्हां धुवावी. या परीक्षेस कांहीं खर्च नाहीं, आणि ती चुकत नाहीं.

तिसरी पायरी खरवडण्याची. सुटे पापुद्रे हातोडीनें टोलवून व तारेच्या ब्रशानें काढावे. हात शिरत नाहीं तेथें करवतीचें मोडकें पातें चालतें. नळीच्या किंवा दांड्याच्या मागच्या बाजूस पॉलिश पेपरची लांब पट्टी घालून ती ताक घुसळण्याच्या दोरीप्रमाणें दोन्ही हातांनीं मागेंपुढें ओढावी. अरुंद भोंकांसाठीं सायकलच्या ब्रेकची जुनी तार टोंकाशीं उसवून ती ड्रिल यंत्रांत बसवितां येते. मात्र डोळ्यांस चष्मा लावल्याशिवाय हें काम करूं नये. हौद्याखालची फट खरवडावयाची तर यू-बोल्ट सैल करून हौदा थोडा उचलावा लागतो. तेव्हां खालीं भक्कम ठोकळे दिलेच पाहिजेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीं, कितीही घाई असली तरी, शिरूं नये.

चौथी पायरी उरलेला गंज निष्क्रिय करण्याची. फटींतला सगळा गंज खरवडून निघणें शक्य नाहीं. जो पातळ व घट्ट थर राहतो त्यावर गंजाचें रूपांतर करणारीं द्रव्यें मिळतात. त्यांत बहुधा फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असतें. टॅनिक आम्लाचें काम आमच्या वाचकांनीं वेगळ्या रूपानें पाहिलेलें आहे. हिरडा किंवा ओली सुपारी लोखंडी पात्यानें कापली कीं पात्यावर काळा डाग पडतो. हिरडा व हिराकस यांची काळी शाई पूर्वीं अशीच बनत असे. सुपारी-हिरड्यांतील टॅनिन लोखंडाशीं मिळून एक काळें, न विरघळणारें संयुग बनतें, आणि तेंच गंजावर बसतें. हें द्रव्य ब्रशानें अथवा पिचकारीनें लावून, बाटलीवर दिलेला वेळ जाऊं द्यावा. हातमोजे व चष्मा अवश्य वापरावा. तें पापुद्र्यांवर किंवा मिठावर लावल्यास फुकट जातें. म्हणूनच आधींच्या तीन पायऱ्या. पाट्यांवर, ब्रेकच्या भागांवर, व जेथून तें पुन्हां निथळून येणार नाहीं अशा बंद पेटींत आम्लयुक्त द्रव्य ओतूं नये.

पांचवी पायरी आच्छादनाची. जेथें ब्रश पोंचतो तेथें गंजरोधक अस्तर, म्हणजे इपॉक्सीचें किंवा झिंक फॉस्फेटचें, देऊन त्यावर रंग द्यावा. नुसतें रेड ऑक्साइड दिलें कीं काम झालें, अशी समजूत आहे. पण त्यावर चांगल्या रंगाचे हात नसतील तर किनाऱ्यावर तें फार दिवस टिकत नाहीं. जेथें ब्रश पोंचत नाहीं, तेथें रंगाचा उपयोग नाहीं. तेथें मेणयुक्त किंवा सरपटत जाणारें गंजरोधक तेल हवें. लांब, लवचिक नळीच्या टोंकास चहूंबाजूंनीं भोंकें असलेली तोटी मिळते. ती नळी तुळईच्या किंवा दाराच्या भोंकांतून शेवटपर्यंत आंत सारावी, आणि फवारीत हळूहळू बाहेर ओढावी. सांध्यांच्या दुसऱ्या बाजूनें तें तेल पाझरलेलें दिसलें म्हणजे आंत पोंचलें असें समजावें. हें काम ऊन तापल्यावर करावें, म्हणजे मेण पातळ होऊन फटींत उतरतें. नंतर पाणी जाण्याचीं भोंकें पुन्हां तारेनें मोकळीं करावीं. ब्रेकचे ड्रम, पट्ट्या, रबरी नळ्या व धुराच्या नळीवर हें द्रव्य पडूं देऊं नये. पहिल्यानें ब्रेक निसटतील, दुसऱ्यानें आग लागेल. हौद्याखालचें लांकूड परत बसविण्यापूर्वीं त्यास चारही अंगांनीं रंग द्यावा, आणि बोल्ट पहिल्या एक-दोन खेपांनंतर पुन्हां आंवळावे.

या उपायांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्या ठिकाणीं धातूची जाडी गेली, तेथें कोणतेंही तेल ती परत आणीत नाहीं. ब्रेकच्या नळीवर खळगे पडले असतील तर ती घासूं नये, बदलावी. मुख्य तुळईस गांवच्या मिस्त्रीकडून झाळ देऊन ठिगळ लावणें धोक्याचें आहे. कित्येक सांगाड्यांचें पोलाद विशेष उष्णोपचारानें मजबूत केलेलें असतें, आणि झाळेच्या उष्णतेनें तें त्याच जागीं दुबळें होतें. तें काम बनविणाऱ्या कारखान्याच्या सूचनांप्रमाणें, जाणत्याकडूनच व्हावें.

काल कोणता, असें विचारल्यास आमचें उत्तर शेतीच्या वेळापत्रकांतच आहे. भात झोडून झालें, वारा उत्तरेचा व कोरडा झाला, आणि पांढरा कांदा व आंबा यांचा हंगाम अजून दूर आहे, असा दिवाळीपासून पौषापर्यंतचा काळ गाडीस बहुधा रिकामा असतो व हवाही कोरडी असते. मोठें काम तेव्हां करावें. आंबा संपल्यावर, मृगापूर्वीं, फक्त धुऊन, वाळवून मेणाचा एक फवारा द्यावा. मासळी वाहणाऱ्यानें मात्र हंगामाची वाट न पाहतां प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्यानें हौदा व पोट धुण्याची शिस्त पाळलीच पाहिजे.

यावर आक्षेप येईल कीं, दहा-बारा वर्षांच्या गाडीसाठीं एवढा खटाटोप कोणीं करावा? ती चार वर्षें चालली तरी पैसे वसूल. आमचें उत्तर असें कीं, गाडी चार वर्षें चालणें व चार वर्षें सुरक्षित चालणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पकडीखालीं गंजलेली ब्रेकची नळी गांवांत फुटत नाहीं. ती भरल्या गाडीनें जोरानें ब्रेक दाबला असतां फुटते, आणि भरली गाडी जोरानें ब्रेक दाबते ती कार्लेखिंडीच्या किंवा कशेडीच्या उतारावर. तेथें समोरून येणाऱ्या माणसाचा व हौद्यांत बसलेल्या मजुराचा या बचतींत काय वांटा? मजूर गाडीचें पोट पाहूं शकत नाहीं. तो मालकाच्या भरंवशावर चढतो. कायद्यानें आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीस दर दोन वर्षांनीं व त्यापुढें दर वर्षीं योग्यता प्रमाणपत्र घ्यावें लागतें, हें खरें. परंतु प्रमाणपत्र हें त्या दिवसापुरतें असतें, आणि गंज वर्षाचे ३६५ दिवस काम करतो. सरकारी तपासणीची भीति बाळगून पोट रंगवून नेणें म्हणजे वैद्याकडे जाण्यापूर्वीं ताप उतरण्याची गोळी घेणें होय.

खर्चाचा आक्षेप मात्र आम्ही मान्य करितों. हवेचा कॉम्प्रेसर, लांब नळीचा फवारा व गाडी उभी करण्याचा खड्डा एकट्या शेतकऱ्यानें घेणें परवडणारें नाहीं. येथेंच संघाचें काम आहे. औषधफवारणीचे पंप, मळणीयंत्रें जशीं सामाईक ठेवितां येतात, तद्वत् प्रत्येक तालुक्यांत एक खड्डा, एक कॉम्प्रेसर, एक फवारा व गोड्या पाण्याची सोय संघानें करावी, आणि सभासदांनीं नंबर लावून आपली गाडी तेथें आणावी. गंजरोधक द्रव्यें ठोक भावानें आणल्यास तींही स्वस्त पडतील. गांवच्या एक-दोन तरुण मिस्त्रींस हें काम रीतसर शिकविलें, तर त्यांसही पावसाळ्यानंतर दोन महिन्यांचा धंदा मिळेल. आणि जुनी गाडी घेऊं इच्छिणाऱ्या सभासदास सौद्यापूर्वीं ती त्याच खड्ड्यावर तपासून मिळाली, तर विक्रेत्याच्या काळ्या रंगास भुलण्याचें कारणच उरणार नाहीं.

आपल्या वाडवडिलांनीं नांगराचा फाळ कधीं ओला ठेविला नाहीं. पेरणी आटोपली कीं तो धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून माळ्यावर जात असे. फाळ मोडला तर एक दिवसाची नांगरट बुडत असे. मालमोटारीचा सांधा मोडला तर त्याहून कितीतरी अधिक बुडतें. जी काळजी आम्ही दोन हातांच्या लोखंडाची घेत होतों, ती वीस फुटांच्या लोखंडाची घेऊं नये यास कारण काय? तें दिसत नाहीं, हें कारण पुरेसें नाहीं. ज्या वाचकांनीं आपल्या गाडीच्या पोटाची व्यवस्था येथें सांगितल्याप्रमाणें किंवा याहून सोप्या रीतीनें केली असेल, त्यांनीं खर्च, वेळ व पुढील पावसाळ्यानंतरची स्थिति यांसह आपला अनुभव संघाकडे अवश्य लिहून पाठवावा. तो इतर शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल, आणि आम्ही तो आनंदानें प्रसिद्ध करूं.